एक डाग जन्माचा, एक माझा

१० नोव्हेंबर, सोमवार

नांदेडला जाऊन आले. एक रजा गेली. लेक मित्रा कालच लातूरहून आली होती, सकाळची बस जळकोटहून दोघींनी धरली. बसायला जागा लोह्यापासून.

त्वचेच्या डॉक्टरबाई वयानं लहान, पण सांगायला कंटाळत नाहीत. मित्राचा डावा गाल भिंगातून पाहिला, बोटानं दाबून पाहिला. दाबलं की लाल रंग पळतो, सोडलं की परत. म्हणाल्या, कातडीखालच्या रक्ताच्या बारीक नळ्या जन्मतःच रुंद आहेत, एवढंच. ग्रहणाचं नाही, आईच्या खाण्यापिण्याचं नाही, कोणाच्या नजरेचं नाही. काही लाल डाग बाळपणी फुगतात नि आपोआप विरतात, हा त्यातला नव्हे. हा वयाबरोबर गडद होणार. लेझरनं फिका होईल. पूर्ण जाईल असं म्हणणार नाही. सहा-आठ वेळा यावं लागेल, मधे सहा-सहा आठवडे. तान्हेपणी आणलं असतं तर फरक जास्त पडला असता.

तान्हेपणी म्हणताना माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टर आहे हे मित्रानं आत शिरल्याशिरल्याच सांगून ठेवलं होतं.

मग जबड्याजवळचा तो रुपयाएवढा भाग. आक्रसलेला, मधे पांढुरका, कडेनं काळा. तिथे दाबून रंग हलत नाही. डॉ. म्हणाल्या, "हा जन्माचा नाही. हा भाजल्याचा व्रण आहे. लहानपणी काही लावलं होतं का?"

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, नाही, जन्मापासून असंच आहे.

बावीस वर्षं हेच सांगतेय. तोंडाला सवय झालीय. पाय सुजलेत, भांडी तशीच पडलीत.

११ नोव्हें., मंगळ.

लसीकरण. एकवीस बाळं, त्यात दोन तापली. ॲपमध्ये नोंदी होईनात. आशाताई म्हणाली, सिस्टर आज गप गप का? म्हटलं, प्रवास बाधला.

लिहूनच टाकते. वही कोणी वाचत नाही. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूला, अक्षर येत नाही. हे पुण्याला वॉचमनच्या ड्यूटीवर. मित्राला माझं अक्षर लागत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, देगलूरला. मी वीस वर्षांची. पोरगी झाली, गोरी, आणि डावा अर्धा गाल लाल. शेजारची तेलगू बाई पाहून म्हणाली, पुट्टुमच्चा आहे, नशिबाची खूण, हात लावू नका. आमच्या आईला ते पटलं नाही. सव्वा महिना झाला की सासरचे नाव ठेवायला येणार होते. एकच घोर, यांना काय दाखवायचं? आई म्हणाली, बिब्ब्यानं कातडं निघतं, नवीन येतं ते कोरं येतं. बिब्बा तिनं काढून दिला. पण लावायला ती तयार होईना. दाभणाला बिब्बा टोचून दिव्यावर मीच धरला. तेल सुटलं. मीच लावलं. आधी थोडं लावून बघू म्हणून जबड्याजवळ. 'थोडं' तेवढंच रुपयाएवढं.

दुसऱ्या दिवशी फोड. तिसऱ्या दिवशी डोळ्यापर्यंत सूज. बिब्बा उतला. पोरगी दूध ओढेना.

सासरचे आले तेव्हा फोड फुटलेला होता. मी सांगितलं, जन्मापासून आहे. त्यांनी मान्य केलं, कारण लाल डाग समोर होताच, त्यात हाही खपला. नर्सिंग नंतर केलं. पुस्तकात भाजल्याचा धडा आला तेव्हा मी वर्गातून उठून बाहेर गेले होते.

१५ नोव्हें., शनि.

मित्राचा फोन. ती लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. यंदापासून शिकवण्याचे व्हिडिओ निघतात. क्लासच्या सरांनी तिला दोनदा सांगितलं म्हणे, मॅडम, कॅमेऱ्याला उजवी बाजू द्या. लेझरचं डोक्यात तेव्हापासून. लग्नासाठी कर म्हणून मावश्यांनी जिभा झिजवल्या तेव्हा हिनं ढुंकून पाहिलं नव्हतं. फळ्यासमोर मान वाकडी करून उभं राहायला नको म्हणते. बरोबरच आहे.

मग म्हणाली, "मम्मी, डॉक्टर चुकणार नाहीत. ते आजीनं केलं का? जुनी माणसं बिब्बा लावतात ना?"

तिची आजी म्हणजे आत्याबाई. मी गप्प बसले. नाही म्हणायला दोन अक्षरं लागतात. ती म्हणाली, कळलं. फोन ठेवला.

माझ्या गप्प बसण्यानं एवढं मोठं काम केलं.

२३ नोव्हें., रवि.

मित्रा कालपासून घरी. आजीशी बोलत नाही. आजीनं अंबाडीची भाजी केली, तिच्यासाठी म्हणून भाकरी पातळ थापली, ही मॅगी करून बसली. आत्याबाई त्र्याहत्तरच्या. डोळ्यानं अधू, पण घरातलं सगळं त्यांना आवाजावरून कळतं.

जेवण झाल्यावर मित्रानं सरळ विचारलं. आजी, माझ्या तोंडाला बिब्बा तू लावला होतास?

मी मोरीत होते. हातात राखेची घासणी. बाहेर यायला पाहिजे होतं.

 आत्याबाई म्हणाल्या, "हाव. म्याच लावला. आडाणी हुते."

मित्रा रडली नाही, ओरडली नाही. बॅग भरली, दुपारच्या गाडीनं लातूर. मी स्टँडपर्यंत गेले. ती म्हणाली, तू का लपवलंस एवढी वर्षं, तिला वाचवायला? तू फार सोसतेस मम्मी.

माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊन पोरगी गाडीत बसली.

२४ नोव्हें., सोम.

उपकेंद्रात जायच्या आधी आत्याबाईंना विचारलं, का म्हणालात तसं? शेंगा सोलत होत्या, थांबल्या नाहीत.

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नाव ठेवायला देगलूरला आल्या, पोरगी मांडीवर घेतली, तेव्हाच वास आला म्हणे. बिब्ब्याच्या तेलाचा वास जात नाही लवकर. मी नमस्कार केला तेव्हा माझी बोटंही पाहिली होती. दोन बोटं काळी होती, उतलेली.  घरी आल्यावर रोज खोबरेल लावायच्या त्या फोडाला, हे मला आठवतं. मला वाटायचं, भोळ्या आहेत.

मी म्हटलं, मी सांगते तिला. तर म्हणाल्या, "गप. म्या आज हाय, उद्या न्हाई. माझ्यावर रुसली तर काय बिघडतंय? पोरीला आई लागती."

खरं सांगू तर मला सुटल्यासारखं वाटलं. पहिल्यांदा तेच वाटलं. लाज त्याच्या नंतर आली.

२७ नोव्हें., गुरु.

तांड्यावर गृहभेट. दहा दिवसांचं बाळ, ढुंगणावर आणि कमरेवर निळे डाग. आजी म्हणते सटवीनं मारलं. चुलीशेजारी वाटीत बिब्ब्याचं तेल काढून ठेवलेलं. मी वाटी उचलली नि बाहेर ओतली. बाळाच्या आईला समजावलं. हे डाग आपल्याकडे किती तरी बाळांना असतात, रंग खोल साठलेला असतो, शाळेत जायच्या वयापर्यंत बहुतेकांचे जातात. काहीही लावायचं नाही, डागायचं नाही. नुसती नोंद ठेवू.

ती बाई माझ्याकडे बघत म्हणाली, सिस्टर, तुम्ही लई चिडलाव.

आवाज चढला होता माझा. दुसऱ्याच्या चुलीवर चढवायला आवाज आहे, स्वतःच्या घरी नाही. परत येताना आशाताईला म्हटलं, गाडी हळू घे. ती हळूच चालवत होती.

८ डिसेंबर, सोम.

लेझरची पहिली बैठक. मित्राच्या डोळ्यांवर झाकणं बसवली, आम्हाला सगळ्यांना चष्मे. यंत्र टक् टक् करतं. रबर ताणून गालावर मारल्यासारखं लागतं म्हणाली. वर थंड फवारा. वीसेक मिनिटं. तिनं मूठ आवळली होती, मी हात पुढे केला, पण तिला दिसत नव्हतं.

बाहेर आल्यावर गाल जांभळा. जांभूळ चोळल्यागत. डॉ.नी आधीच सांगितलं होतं, दहा-बारा दिवस असं राहील, घाबरू नका. ऊन अजिबात नको, मलम रोज, खाजवायचं नाही. बिब्ब्याच्या जागेवर लेझर मारलं नाही. ते नंतर बघू म्हणाल्या, तिथे काय झालंय ते नीट कळायला हवं.

बसमध्ये शेजारच्या बाईनं मित्राला विचारलं, नवरा मारतो का गं? मित्रा म्हणाली, लग्नच नाही झालं मावशी. मग बाप मारतो का, म्हणे. मित्रा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मीही हसले. हसताना मला वाटलं आत्ता सांगावं. कंधार आलं, ती बाई उतरली, दुसरी दोन माणसं बसली, राहिलं.

१३ डिसें., शनि.

मित्रा आठवडाभर इथेच, क्लासमधून सुट्टी. खिडकीला चादर लावून बसते. आजीच्या हातचं खात नाही. आजी चहा ठेवतात, चहावर साय धरते, तो गार होतो. आजी तो स्वतः पिऊन टाकतात. सकाळी वंदनेला तिघी बसतो तेव्हा मित्रा माझ्या उजवीकडे बसते, आजी डावीकडे. मधे मी. त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, मी नुसते ओठ हलवले. सर्दी म्हणून खपलं.

यांना पुण्याला फोन केला. सगळं सांगितलं, पहिल्यांदा. पलीकडे गेट लावल्याचा आवाज. मग म्हणाले, जुनं उकरू नको, पोरीचं आता कुठं बरं चाललंय. माझी आई सोसतेय तर सोसू दे म्हणाले नाहीत, पण अर्थ तोच. चांगला माणूस आहे. सगळेच चांगले आहेत माझ्याभोवती, मी सोडून.

४ जानेवारी, रवि.

मित्रा आली. जांभळेपणा गेला. लाल रंग खरंच उतरलाय, कपाळाकडे जास्त, ओठाकडे कमी. तिनं आरशात पाहून दोन फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले. मला आनंद झाला. झाला म्हणजे झाला.

आणि मग दिसलं. आजूबाजूचं लाल फिकं झालं तसं ते रुपयाएवढं आता उठून दिसतंय. आधी लालात लपलेलं होतं. आता गालावर तेच एक आहे.

मित्रालाही दिसलं. म्हणाली, देवाघरचं निघतंय, आजीचं निघत नाही. देव मानत नाही, पण बोलण्यात येतो. आजी दाराशी बसल्या होत्या. ऐकलं. पदर सारखा केला, उठल्या, शेजारी गेल्या. दिवे लागेपर्यंत आल्या नाहीत. मी बोलवायला गेले तर म्हणाल्या, गुडघा धरला म्हणून बसले.

अंथरूण नुसतं दिसलं तरी झोप येते हल्ली. पडल्यावर येत नाही.

१९ जानेवारी, सोम.

झालं. लिहिते जसं झालं तसं.

दुसरी बैठक. मित्रा आडवी, डोळ्यांवर झाकणं. डॉ. म्हणाल्या, आज व्रणाचंही ठरवू. औषधाची सुई देता येते, दुसऱ्या प्रकारचं लेझर आहे, थोडं सपाट होईल. कोरं होणार नाही. पण काय लावलं होतं, किती वेळा, बाळ केवढं होतं, हे खरं कळलं तर बरं. कातडी किती खोल गेली असेल त्याचा अंदाज येतो. मित्रा आडव्यानंच म्हणाली, आजीनं बिब्बा लावला होता, बाकी माहीत नाही.

मी केस-पेपर हातात घेऊन कोपऱ्यात उभी होते. रोज पन्नास बायकांना मी हेच विचारते. काय लावलं, कधी लावलं, खरं सांग, लपवू नको.

म्हटलं, "आजीनं नाही. मी लावला. एकदाच. बाळ एक महिन्याचं होतं. दुसऱ्या दिवशी फोड आला. दवाखान्यात नेलं नाही."

तिच्या डोळ्यांवर झाकणं होती म्हणून मला जमलं. हे लिहून ठेवते, कारण पुढे कधी मी स्वतःला धीट समजेन.

डॉ.नी लिहून घेतलं. कोणत्या भागावर आधी, तेल ताजं होतं का, असं एक-दोन विचारलं. मी उत्तरं दिली. मित्राला बोलता येत नव्हतं, तोंड हलवायचं नाही म्हणून बजावलेलं. यंत्र सुरू झालं. टक् टक्. तिची मूठ बघत होते. ती ढिली पडलेली होती. मागच्या वेळी आवळली होती.

बसमध्ये तिनं स्कार्फ गुंडाळला आणि खिडकीकडची जागा मला दिली, ऊन त्या बाजूला होतं. एवढंच बोलली, तू तिकडे बस.

२० जाने., मंगळ.

सकाळी वऱ्हांड्यातून आवाज आला. मित्रा आजीजवळ बसली होती. तू खोटं का बोललीस, असं विचारत होती. आजी म्हणाल्या, काय की बाई, तोंडातून निघालं. मित्रा म्हणाली, मी दोन महिने तुझ्या हातचं खाल्लं नाही. आजी म्हणाल्या, त्यानं म्या बारीक झाले का?  मग मित्रानं त्यांच्या पुढ्यातली शेंगांची टोपली ओढून घेतली.

मला कोणी बोलावलं नाही. मी डबा भरून ड्यूटीवर गेले. मंगळवार होता, बाळं होती.

२३ जाने., शुक्र.

चार दिवस झाले. मित्रा माझ्याशी बोलते. मलम कुठंय, गॅस संपला, भाजीत मीठ कमी आहे. रागावून काही म्हणाली असती तर मी काही तरी उत्तर दिलं असतं. उत्तरं तयार करून ठेवलीत. वीस वर्षांची होते. भ्याले होते. कोणी शिकवलं नव्हतं. सगळी खरी आहेत आणि एकही तिच्या गालाला पुरत नाही.

आज भांडी घासताना ती मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मला डाग आवडत नव्हता म्हणून केलंस, का तुला?"

मी हात धुतले. म्हटलं, मला. तुला काय कळत होतं एक महिन्याची असताना.

ती हं म्हणाली. आत गेली. पुढे काही विचारेल म्हणून मी बराच वेळ मोरीतच बसले. पाणी गेलं.

१ फेब्रुवारी, रवि.

मित्रा लातूरला गेली. जाताना आजीच्या गळ्यात पडली. मला म्हणाली, येते. वाकून बॅग उचलली. स्टँडवर येऊ का विचारलं तर म्हणाली, कशाला, तुझे पाय दुखतात.

काळजीनं म्हणाली का टाळायला, कळत नाही. बावीस वर्षं तिच्या चेहऱ्याकडे बघतेय आणि चेहऱ्यावरचं एवढं वाचता येत नाही.

१९ फेब्रु., गुरु.

आशाताईनं मोबाईल दाखवला. मित्राचा व्हिडिओ आलाय. रक्ताभिसरण शिकवतेय. समोर बघून. दोन्ही गाल दिसतात, डावा फिकट गुलाबी, आणि जबड्याजवळचं ते. झाकलेलं नाही. केशवाहिन्या म्हणजे काय हे सांगताना तिनं बोट स्वतःच्या गालावर ठेवलं, म्हणाली, इथे माझ्या जन्मापासून रुंद आहेत, म्हणून रंग दिसतो. पोरं हसली नाहीत. मग बोट खाली त्या व्रणापर्यंत आलं आणि थांबलं. ती फळ्याकडे वळली.

मी तो भाग चार वेळा पाहिला. आशाताई म्हणाली, सिस्टर, माझा नेट संपला.

२६ फेब्रु., गुरु.

मित्राचा मेसेज. 'पुढची तारीख २ मार्च. मी लातूरहून थेट नांदेडला जाते.'

आतापर्यंत आदल्या दिवशी घरी यायची, मग दोघी इथून निघायचो. ये असं लिहिलेलं नाही. येऊ नको असंही नाही. मी 'बरं' लिहिलं, खोडलं, परत 'बरं' लिहून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. पुढे काही नाही.

आत्याबाईंना वाचून दाखवला. म्हणाल्या, "जा. न्हाई बोलली तर परत ये. दार तर दाखवणार न्हाई कोणी."

१ मार्च, रवि.

रजेचा अर्ज दिला. मेडिकल ऑफिसरनी कारण विचारलं, म्हटलं मुलीचा दवाखाना. मुलगी येणार का तुमच्याबरोबर, म्हणाले. म्हटलं, ती तिकडून येतेय.

पिशवी भरली. मलम, पाण्याची बाटली, तिचा जुना स्कार्फ. आत्याबाईंनी धपाटे बांधून दिलेत दोघींपुरते. तिची गाडी साडेनऊला लागते, माझी त्याच्या आधी. दवाखान्याच्या पायरीवर बसून राहीन. ती आली की उठेन. काय म्हणायचं ते ठरवलेलं नाही. ती जवळ येऊन बसली तर ठीक. नाहीच बसली, सरळ आत गेली, तर मी बाहेर थांबेन, पण तिला दिसेल अशा जागी.